बाइकच्या चेनला नक्की काय लावायचं? स्प्रे, 90 नंबर, ग्रीस की जळकं ऑइल?

रहिमतपूरकर

मंडळी, प्रश्न साधा आहे, पण जितक्यांना विचारावं तितकी उत्तरं येतायत, म्हणून शेवटी धागा काढतोय.

घरात दोन गाड्या. माझी पल्सर एनएस 200 आणि वडिलांची स्प्लेंडर. माझं रोजचं जाणं-येणं रहिमतपूर ते सातारा एमआयडीसी. सध्या गळीत हंगाम जोरात आहे. रस्त्यात उसाच्या ट्रॉल्या, सांडलेलं वाडं, ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातून डांबरावर आणून टाकलेली काळी माती. सकाळी दवात तिचा चिखल होऊन चेनवर बसतो आणि दुपारी वाळून त्याची पूड होते. आठवडाभरात चेन खरखर करायला लागते.

आता सल्ले ऐका. गॅरेजवाला म्हणतो, "इंजिनातून काढलेलं जळकं ऑइल मारा, फुकटात काम होतंय." स्पेअरच्या दुकानात म्हणाले, चेन स्प्रेशिवाय दुसरं काही लावू नका. वडील स्प्लेंडरच्या चेनला बोटाने ग्रीस फासतात, वर्षानुवर्षं. कामावरचा एक जण म्हणतो डब्ल्यूडी-40 मारलं की झालं.

नक्की काय लावायचं, किती दिवसांनी लावायचं आणि दोन्ही गाड्यांना एकच चालेल का, एवढं सांगा.

खटपट्या

शाफ्टवाली गाडी घ्या. ना चेन, ना धागा. :)

येवतेश्वर

डोळे झाकून चेन स्प्रे. माझी ड्यूक आहे आणि कास रोडला सारखं जाणं असतं. स्प्रे मारताना पातळ असतो, त्यामुळे फटीत शिरतो. मग त्यातलं द्रावक उडून जातं आणि मागे चिकट थर उरतो. तो थर वेगातसुद्धा चेन सोडत नाही. 90 नंबरचं, म्हणजे घट्ट गिअर ऑइल लावलं की मागची रिम, नंबरप्लेट, मागे बसणाऱ्याची पॅन्ट, सगळ्यावर काळे शिंतोडे.

फक्त एक पाळा. स्प्रे मारून लगेच गाडी काढू नका. बहुतेक लोक सकाळी निघता निघता फुसफुस करतात आणि मग "स्प्रे टिकत नाही" म्हणतात. द्रावक उडायच्या आत गाडी पळवली तर तो उडणारच. संध्याकाळी घरी आल्यावर चेन कोमट असते तेव्हा मारायचा आणि रात्रभर तसाच राहू द्यायचा.

माणदेशी_माती

येवतेश्वर, तुमचं म्हणणं कासला बरोबर, म्हसवडला नाही. तो चिकट थर हाच आमच्याकडे शत्रू आहे. महाबळेश्वरात वर्षाला 5000 मिमीच्या पुढे पाऊस आणि आमच्या माणात जेमतेम 500च्या आसपास. एकाच जिल्ह्यातले आपण, पण चेन वेगळ्या हवेत जगतात. फेब्रुवारी ते मे कच्च्या रस्त्याने जा, स्प्रेवर फुफाटा बसून चेनचा पॉलिश पेपर होतो. दर फेरीला तो रोलरवर, म्हणजे सांध्यातल्या फिरत्या नळीवर, घासत राहतो.

मी 90 नंबर वापरतो. थोडं लावायचं आणि मग कोरड्या फडक्याने चेन बाहेरून चांगली पुसून घ्यायची. बोट लावलं तर तेलकट लागावं, पण थेंब दिसू नये. शिंतोडे उडतात ते न पुसल्यामुळे, ऑइलमुळे नाही.

येवतेश्वर

पुसायचं तर स्प्रेलासुद्धा आहेच की. आणि दर वेळी फडकं घेऊन बसायला नोकरदार माणसाला वेळ कुठे?

माणदेशी_माती

चेन किट बदलायला गॅरेजात अर्धा दिवस बसावं लागतं, तेव्हा बरा वेळ असतो. :)

नव्वद_नंबर

माझं कराडला गॅरेज आहे. आयडी बघून माझं मत कळलंच असेल, पण आधी दुसरं सांगतो. काय लावायचं हे ठरवण्याअगोदर चेन कुठली आहे ते बघा.

बॅटरी (टॉर्च) घेऊन एनएसच्या चेनजवळ बसा. आतली पट्टी आणि बाहेरची पट्टी यांच्या फटीत काळी रबरी कडी दिसेल. ती ओ-रिंग. चेन बनवतानाच पिन आणि बुश (पिनभोवतीची नळी) यांच्यामध्ये ग्रीस भरलेलं असतं आणि दोन्ही बाजूंच्या कड्या ते आत कोंडून ठेवतात. म्हणजे बाहेरून तुम्ही जे लावता ते पिनपर्यंत जात नाही आणि जायची गरजही नाही. बाहेरच्या ऑइलचं काम एवढंच की रोलर आणि स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन फिरते त्या दातेरी चक्राचे, दात कोरडे घासू नयेत, पट्ट्यांना गंज धरू नये आणि कड्या सुकून चिरू नयेत.

आता स्प्लेंडरची चेन बघा. तिथं कडी नाही. आत कोंडलेलं काही नाही. तिला ऑइल पिनपर्यंत पोचवावंच लागतं, नाहीतर पिन आणि बुश कोरडे घासतात आणि चेन "लांबते". वडील ग्रीस फासतात ते बाहेर बसतं. जाड असतं, थंड चेनमध्ये आत शिरत नाही. वरून चेन काळी तुकतुकीत दिसते आणि आत पिन तांबडी झालेली असते. अशा चेनी उघडल्यावर मला रोज दिसतात. पण वडिलांच्या गाडीची चेन बंद कव्हरात आहे म्हणून त्यांचं इतकी वर्षं निभावलं. ते कव्हर हेच स्प्लेंडरचं मोठं भाग्य आहे. काही पोरं गाडी देखणी दिसावी म्हणून ते काढून टाकतात, ते करू नका.

जळकं ऑइल मात्र दोन्ही गाड्यांना नको. इंजिनात ते ज्या कामाला होतं ते करून झालेलं असतं. त्यात काजळी असते, धातूची बारीक पूड असते, जळण्यातून आलेलं आम्ल असतं. शिवाय पातळ, एका दिवसात उडून जातं. माझ्या गॅरेजात तो डबा भरला की भंगार ऑइलवाल्याकडे जातो, चेनवर जात नाही.

माझं मत: दोन्ही गाड्यांना 90 नंबर गिअर ऑइल. बऱ्याच कंपन्यांच्या पुस्तिकेत तेच लिहिलेलं असतं. स्प्रेच्या छोट्या डब्याच्या पैशात जवळपास लिटरभर येतं. एनएसला ओ-रिंगसाठी चालणारा चांगला स्प्रे लावला तरी माझी हरकत नाही, फक्त डब्यावर तसं लिहिलेलं बघून घ्या. स्प्लेंडरला मात्र ऑइलच.

खटपट्या

दादा, हा प्रतिसाद छापून गॅरेजात लावा.

हळदकर

सांगलीहून रामराम. ऑइलवर एवढी चर्चा झाली, पण धुण्यावर कोणी बोललं नाही. मातीवर ऑइल ओतून काय उपयोग? माती आणखी आत जाते.

पूर्वी रॉकेल होतं. एका वाटीत घ्यायचं, जुन्या टूथब्रशने घासायचं, पुसायचं, वाळवायचं. चेनला रॉकेलासारखं दुसरं काही नाही. आता रेशनवर रॉकेल मिळणं मुश्कील झालंय. मी डिझेल वापरतो. कोणाला त्याचा वाईट अनुभव आहे का?

माणदेशी_माती

डिझेल चालतं. रॉकेलपेक्षा थोडं तेलकट, मागे थर राहतो म्हणून नीट पुसून वाळू द्यायचं. पेट्रोल मात्र ओ-रिंगच्या चेनला अजिबात नको. रबर फुगतं, कडक होतं, मग आतलं ग्रीस निघून जातं. शिवाय दारात पेट्रोलची वाटी ठेवून बसायचं आणि शेजारी कोणीतरी बिडी ओढत उभं, असला धोका कशाला?

तारेचा ब्रशही नको. कड्या कापल्या जातात.

शिराळा_पाऊस

आमच्याकडे पावसाळ्यात भातखाचरांच्या रस्त्याने चिखल इतका की चेन ओळखू येत नाही. मी एका वॉशिंग सेंटरला गाडी देत होतो. तिथं प्रेशरचं पाणी अगदी जवळून थेट चेनवर मारायचे आणि वर चकाकी यावी म्हणून डिझेलचा फवारा. गाडी झळझळीत व्हायची आणि चेनवर ऑइलचा लवलेश राहायचा नाही. तसंच घरी यायचं, दुसऱ्या दिवशी पट्ट्यांवर तांबूस गंज. आता मी गाडी धुवायला देताना सांगतो, चेनला पाइप लावू नका. घरी आल्यावर आधी पुसतो, थोडं फिरवून आणतो म्हणजे पाणी उडतं, आणि त्याच संध्याकाळी ऑइल.

पावसात किलोमीटर मोजत बसू नये हेही त्यातलंच. कोरड्या दिवसांत 500 किलोमीटरला एकदा पुरतं. पण दिवसभर भिजून आलात तर त्या रात्री ऑइल लागलंच पाहिजे.

मिरजवाली_सिस्टर

एक विनंती करायला खास लॉगिन केलंय. चेन साफ करताना किंवा ऑइल लावताना इंजिन चालू ठेवून गाडी गिअरमध्ये टाकू नका. कृपा करून नको.

मी मिरजेत हॉस्पिटलमध्ये काम करते. चेन आणि स्प्रॉकेटच्या मध्ये बोट गेलेले रुग्ण येतात. बहुतेक तरुण मुलं, सुट्टीच्या दिवशी गाडी धुताना. स्टँडवर लावलेली, पहिल्या गिअरमध्ये चाक हळू फिरतंय, एका हातात फडकं. फडक्याचं टोक आत ओढलं जातं आणि फडक्याबरोबर बोटं. हळू फिरणारं चाक सुद्धा थांबत नाही, कारण मागे इंजिन असतं. आणि सोबत शेतातली माती, ऑइल, गंज, त्यामुळे जखम लवकर भरत नाही.

इंजिन बंद, चावी खिशात, गाडी न्यूट्रलला, चाक हाताने फिरवा. हाताने फिरवतानाही बोटं स्प्रॉकेटपासून लांब. लहान मुलं जवळ असतील तर त्यांना आधी आत पाठवा. त्यांना फिरती चेन बघायला आवडते आणि ती बोट लावतात.

रहिमतपूरकर

सिस्टर, मनापासून आभार. मी यूट्यूबवर बघितलेल्या बऱ्याच व्हिडिओंत इंजिन चालू ठेवूनच करतात. ते ऐकणार नाही.

नव्वद_नंबर

सिस्टरना शंभर टक्के अनुमोदन. माझ्याकडे कामाला येणाऱ्या पोराला मी पहिल्या दिवशी हेच शिकवतो.

जुना_स्प्रॉकेट

वाचून राजदूतचे दिवस आठवले. त्या काळी उन्हाळ्यात चेन उतरवायची हा घरातला कार्यक्रम असे. चेन लॉक काढायचं, चेन रॉकेलात रात्रभर बुडवून ठेवायची, सकाळी घासून उन्हात वाळवायची. मग जुन्या पत्र्याच्या डब्यात ग्रॅफाइट ग्रीस मंद आचेवर पातळ करायचं आणि चेन गुंडाळून त्यात सोडायची. सोडली की पिनांच्या फटींतून बुडबुडे येऊ लागायचे. आतली हवा बाहेर, ग्रीस आत. बुडबुडे थांबले की समजायचं चेन प्यायली. मग तारेवर टांगून निथळायची, गार झाल्यावर बाहेरून पुसून काढायची. नव्वद_नंबर म्हणतात तसं ग्रीस थंड चेनमध्ये शिरत नाही, हे आम्हाला माहीत होतं, म्हणूनच तर तापवत होतो.

हे साध्या चेनला. ओ-रिंगवाल्या चेनला असलं करायचा विचारही करू नये, रबर जाईल. आणि हे काम अंगणात, मोठ्या माणसाने, पाण्याच्या भांड्यात डबा ठेवून करायचं. थेट जाळावर ग्रीस पेटतं.

चेन लॉकवरून आणखी एक. त्याची क्लिप बसवताना बंद टोक चेन ज्या दिशेला धावते त्या दिशेला हवं आणि उघडं टोक मागे. उलटी बसली तर एखादी काडी, दगड लागून निसटते. गावाकडे चेन रस्त्यात पडण्यामागे हेच कारण असतं.

खटपट्या

काका, "चेन प्यायली" हे लय भारी.

सज्जनगड_रोड

विषयांतर करतो, माफ करा. चेनचा त्रास नको तर आपल्याच साताऱ्यात उपाय होता. एमआयडीसीत महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात प्रिया स्कूटर बनायची. तिचं इंजिन मागच्या चाकाच्या शेजारीच, गिअरवरून थेट चाक. चेन नाही, ऑइल लावणं नाही. आजोबांच्या प्रियाला आयुष्यात चेन लागली नाही. फक्त सुरू करायला आधी एका बाजूला झुकवावी लागायची. :)

कृष्णाकाठची

सज्जनगड_रोड, आमच्याकडेही होती! ती झुकवायचं काम माझ्याकडे असायचं.

मूळ विषयावर येते. मी कुपवाड एमआयडीसीत क्वालिटी विभागात आहे, मोजमापाची सवय आहे, म्हणून थोडं लांबेल.

"चेन लांबली" म्हणतात तेव्हा पट्ट्या ओढून लांब झालेल्या नसतात. प्रत्येक सांध्यात पिन आणि बुश किंचित झिजतात, आणि ती झीज शंभरेक सांध्यांत मिळून बेरजेला येते. रोलर चेनची ही रचना हान्स रेनॉल्डने 1880 साली मँचेस्टरमध्ये पेटंट केली. आजही तुमच्या गाडीत तीच पिन, तोच बुश, तोच रोलर आहे. म्हणून नव्वद_नंबर साध्या चेनबद्दल जे म्हणाले ते कळीचं आहे: ऑइल पिन आणि बुशच्या मध्ये पोचलं पाहिजे.

झीज मोजता येते. चेनवर छापलेला आकडा बघा. 428 असेल तर पहिला 4 म्हणजे आठ भागांपैकी चार, अर्धा इंच, 12.7 मिमी. हे एका पिनच्या मध्यापासून पुढच्या पिनच्या मध्यापर्यंतचं अंतर. म्हणजे 20 सांध्यांची लांबी, 21 पिना मोजून, नवीन असताना 254 मिमी. 520 किंवा 525 असेल तर 15.875 मिमी, 20 सांध्यांना 317.5. सुझुकीच्या पुस्तिकांत 317.5 वाल्या चेनला 319.4 ही मर्यादा दिलेली असते. चेन खालून ताणून धरा, स्टीलची पट्टी लावा आणि दोन-तीन ठिकाणी मोजा, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेतली मर्यादा तीच खरी माना.

पट्टी नसेल तर मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागे, मधोमध, चेन दोन बोटांनी धरून मागे ओढा. अर्धा दात उघडा पडला तर चेन संपली. आणि दात बघा. दोन्ही बाजू सारख्या असाव्यात. एका बाजूला आकड्यासारखे वाकलेले दिसले तर स्प्रॉकेटही गेलं.

बायकांसाठी एक सांगते. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना चेन डावीकडे असते आणि साडीतली बाई एकाच बाजूला बसते तेव्हा पायही डावीकडेच. साडी गार्ड काढून टाकणारे हे विसरतात. मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं संरक्षण असावं असं केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 123 वा नियम सांगतो. गाडी सुंदर दिसावी म्हणून ते काढू नका. पदर, ओढणी मांडीखाली घट्ट दाबून बसा.

हळदकर

ताई, मोजमापाचं आजच करून बघतो. आमच्या स्प्लेंडरची चेन काय सांगते बघू.

येवतेश्वर

कृष्णाकाठची, उत्तम. मला वाटतं माझं स्प्रेचं मत ओ-रिंगच्या चेनपुरतं घ्यावं. साध्या चेनला ऑइल, हे पटलं.

डब्ल्यूडी-40 बद्दल कोणी उत्तर दिलं नाही. ते 1953 साली अमेरिकेत सॅन डिएगोला बनलं ते पाणी हटवण्यासाठी. नावातला डब्ल्यूडी म्हणजे तेच, पाणी हटवणारं, आणि 40 म्हणजे चाळीसाव्या खेपेला जमलेलं मिश्रण. चेन भिजली असेल तर पाणी काढायला, घाण सैल करायला उपयोगी. पण ते पुसून नंतर ऑइल किंवा स्प्रे लावावाच लागतो. ते मारलं आणि झालं, असं नाही. त्याचा थर चेनवर टिकत नाही.

शिराळा_पाऊस

दादा, चेन किती ढिली ठेवायची ते राहिलं. आमच्याकडे एक गॅरेजवाला प्रत्येक वेळी ताणून तंबोऱ्याची तार करतो. आवाज बंद होतो म्हणे.

नव्वद_नंबर

आवाज बंद होतो आणि गिअरबॉक्सचं बेअरिंग बोलायला लागतं. कडक चेन ढिल्या चेनपेक्षा जास्त वाईट. गाडी खड्ड्यात गेली, मागचा चिमटा (मागचं चाक धरणारा स्विंगआर्म) वर उचलला की चेन आणखी ताणते. पुढचं स्प्रॉकेट, चिमट्याचा बोल्ट आणि मागचा ॲक्सल एका रेषेत आले की ती सगळ्यात ताठ असते. तेव्हाही तिच्यात थोडी ढिलाई उरली पाहिजे.

किती ठेवायची ते बहुतेक गाड्यांच्या चिमट्यावरच स्टिकरवर लिहिलेलं असतं. रोजच्या वापराच्या गाड्यांना साधारण 20 ते 30 मिमी, पण तुमच्या गाडीचा आकडा बघा. चाक हळूहळू फिरवत खालच्या बाजूला मधोमध वर-खाली हलवून बघायची. सगळ्यात ताठ जागा शोधा आणि तिथं तो आकडा मिळवा. ढिल्या जागेवर मोजलंत तर ताठ जागेवर ती ओढणार. ताठ आणि ढिली यात फार फरक पडायला लागला तर ऑइलने काही होत नाही, किट बदलायची. बदलताना चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच. जुन्या दातांवर नवी चेन टाकली तर ती लवकर संपते.

दुधाच्या किटल्या लादून जाणाऱ्यांनी ढिलाई मोजताना लक्षात ठेवा, भरल्या गाडीचं आणि रिकाम्या गाडीचं मोजमाप वेगळं येतं. पुस्तिकेत कुठल्या स्थितीत मोजायचं ते दिलेलं असतं.

आणखी एक. नवी चेन टाकूनही गाडी झटके देत असेल तर मागच्या चाकाच्या ड्रममधले, स्प्रॉकेटचे झटके झेलणारे रबर बघा. ते दबून झिजले की स्प्रॉकेट पुढे-मागे हलतं आणि सगळा दोष चेनला जातो.

रहिमतपूरकर

एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार.

काल रविवारी बसलो. दोन्ही चेनी बॅटरी लावून बघितल्या. एनएसला काळ्या कड्या आहेत, स्प्लेंडरला नाहीत. वडिलांना दोन्ही जवळ नेऊन दाखवलं. स्प्लेंडरचं कव्हर काढलं तर ग्रीसचा थर कव्हराला आतून चिकटलेला, आणि त्याच्याखाली चेनचे काही सांधे बोटाने वाकत नव्हते. वडील स्वतःच म्हणाले, "हे डिझेलने काढून टाक." त्यांनीच निम्मी घासली.

90 नंबरचं ऑइल घेतलं. दोन प्रश्न उरलेत. एक, ऑइल चेनवर नेमकं कुठं आणि कसं टाकायचं? डब्यातून ओतलं तर अर्धं फरशीवर. दोन, एनएसला मेन स्टँड नाही.

माणदेशी_माती

मेडिकलमधून 10 मिलीची सिरिंज आणा, सुई फेकून द्या. चेनची खालची बाजू घ्या आणि ऑइल चेनच्या आतल्या अंगाला, म्हणजे स्प्रॉकेटला जे अंग लागतं तिथं टाका. गाडी पळाली की फिरण्याच्या जोराने ते आतून बाहेर जातं. बाहेरून टाकलेलं सरळ उडून जातं. स्प्लेंडरला आतली आणि बाहेरची पट्टी जिथं एकमेकांवर येतात त्या फटीत दोन्ही बाजूंना एकेक थेंब, आणि एक थेंब रोलरवर. एनएसला रोलर आणि कड्या ओल्या झाल्या की पुरे. कोमट चेनवर टाका, रात्रभर झिरपू द्या, सकाळी पुसून मग बाहेर काढा.

नव्वद_नंबर

टायर आणि डिस्क यांच्यावर ऑइल जाऊ देऊ नका. मागे पुठ्ठा धरा. टायरला थेंब लागला तर साबणाच्या पाण्याने धुऊन टाका, पहिल्याच वळणावर घसरायला तेवढा पुरतो.

स्टँड नसेल तर मागचं चाक उचलून धरणारा पॅडॉक स्टँड घ्या, वर्षानुवर्षं पुरतो. नाहीतर सपाट जागेवर गाडी न्यूट्रलला, एक जण गाडी धरून थोडी थोडी पुढे ढकलेल, दुसरा थांबल्यावर तेवढ्या भागाला ऑइल लावेल. ढकलताना हात चेनला नको.

रहिमतपूरकर

पुठ्ठा आणि वडील, दोन्ही तयार आहेत. शेवटचं एक: स्प्लेंडरची चेन ढिली वाटली म्हणून थोडी टाइट केली. आता मागचा ब्रेक फार वर लागतो. हे त्याच्यामुळेच का?

नव्वद_नंबर

त्याच्यामुळेच. ड्रम ब्रेक आहे, चाक मागे सरकलं की ब्रेकचा रॉड ओढला जातो. चाक हाताने फिरवून बघा, ब्रेक घासत असेल तर गाडी तशी चालवू नका, ड्रम तापतो. रॉडच्या मागच्या टोकाचा नट थोडा सैल करा. पेडल पुस्तिकेत दिलं आहे तेवढं मोकळं खाली जाऊन मग ब्रेक धरला पाहिजे. ते जमलं की मागचा दिवा पेडल दाबल्यावर वेळेत लागतो का तेही बघा, त्याच्या स्विचला वेगळा नट असतो. आणि दोन्ही बाजूंच्या ॲडजस्टरच्या खुणा सारख्या आहेत ना? एका बाजूला एक घर पुढे राहिलं असेल तर चाक तिरकं बसलंय. ॲक्सलचा नट पुन्हा सैल करून आधी ते सरळ करा, मग घट्ट आवळा.